गाणं अर्ध्यावर सोडून गेलेली माणसं

मार्च सरत आला की आमच्या गल्लीत दारापुढे निळी पिंपं दिसू लागतात. वर्षभर ती जिन्याखाली, गच्चीवर कुठेतरी पालथी पडलेली असतात. कुणी त्यात ज्वारी ठेवतं, कुणी जुन्या गाद्या. मग एका सकाळी ती धुऊन, सरळ होऊन उंबऱ्याशी येतात आणि कॅलेंडर न बघता ऋतू बदलल्याचं कळतं. इतर गावांना हे पळस फुलला की कळत असेल. लातूरला पिंपांवरून कळतं.

यंदाही ती आली, आणि मी बऱ्याच दिवसांनी ती जुनी ध्वनिफीत मोबाइलवर शोधून काढली.

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्याबद्दल बाहेरगावचे लोक मला अजून विचारतात. गाडी पाहिलीस का? मी हो म्हणते. खरं तर पाहिली नाही. मी तेव्हा लातुरात नव्हतेच. पप्पांनी मला नांदेडला आत्याकडे पाठवलं होतं. अगदी साधेपणाने म्हणाले होते, "दोन महिने जाऊन राहा. एक माणूस कमी झालं की तेवढंच पाणी पुरतं." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. पण एसटीत बसल्यावर अहमदपूर येईपर्यंत माझ्या मनात एकच होतं, की आपण घरात किती बादल्यांच्या आहोत.

मी कमी बोलणारी. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करत, आणि घरी तोंडून इंग्रजी वाक्य निघालं की सगळे हसत. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं होतं. मी तेच शिकले, आणि त्यात पहिली आले असं म्हणता येईल.

गप्प माणसाला काहीतरी ऐकायला लागतं. मला अकरावीत असताना 'वेट मॅचबॉक्स' सापडला. सिकंदराबादच्या चार मुलांचा रॉक बँड, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. त्यांची एकही तबकडी निघाली नाही. उरल्या त्या नुसत्या कॅसेटी, कुणी कार्यक्रमात टेपरेकॉर्डर लावून धरलेल्या, खरखरणाऱ्या. जगभरात विखुरलेले दोनेकशे चाहते त्या एकमेकांना पाठवत. त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी होते, नाव नुसतं 'एस.के.' आणि चित्राच्या जागी एक काडेपेटी. ते मला 'ब्रो' म्हणत. मी कधी दुरुस्त केलं नाही. ग्रुप चालवायचा थॉमस, कोचीनचा एक निवृत्त गृहस्थ. त्याच्याकडे सगळ्या कॅसेटी होत्या आणि गिटार वाजवणाऱ्या रॉनीचा पत्ताही.

त्या मार्चमध्ये रॉनीचं आत्मचरित्र आलं. रेल्वे कॉलनीत वाढलेला मुलगा, चर्चमधला पियानो, उसनी गिटार. आणि मग बँड का फुटला ते प्रकरण. त्याची ग्रुपवर सगळे वर्षानुवर्षं वाट बघत होते. ते मी एसटीत वाचलं. लोहा यायला थोडा वेळ होता. पानाच्या मध्यावर इंग्रजी अक्षरांत माझ्या गावाचं नाव होतं.

मी पुस्तक मिटलं. शेजारच्या बाई वाचतील अशी भीती वाटल्यासारखं मिटलं.

रॉनीने लिहिलं होतं ते असं. लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. त्याच्या कसल्याशा समारंभासाठी एका हौशी अधिकाऱ्याने त्यांना बोलावलं होतं. दुष्काळाचं वर्ष, दुपारची वेळ, कॉलेजचं मैदान, मांडव. लोक शांत बसले होते, बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. 'लूप लाइन' हे त्यांचं सगळ्यात जीव लावून बांधलेलं गाणं सुरू झालं, आणि अर्ध्यावर लोक उठले. ओरडले नाहीत, शिट्ट्या मारल्या नाहीत. नुसते उठून गेले, घाईघाईने, मागे न बघता. मांडव रिकामा झाला. दगड मारले असते तरी चाललं असतं, असं त्याने लिहिलं होतं, निदान ऐकलं म्हणून तरी मारले असते. त्यांनी रिकाम्या सतरंज्यांपुढे आणखी तीन गाणी वाजवली, सामान गाडीत भरलं, आणि गावाबाहेरच्या रेल्वे फाटकाशी रॉनी म्हणाला की माझं झालं. पुढे तो मुलांना गिटार शिकवत राहिला. स्टेजवर पुन्हा चढला नाही.

त्या दुपारची कॅसेट होती. थॉमसने पुस्तकाच्या निमित्ताने ती पुन्हा ग्रुपवर टाकली. टाळ्याच नाहीत म्हणून चाहते तिला आधीपासून 'रिकामी कॅसेट' म्हणत; ती कुठल्या गावची ते पुस्तकामुळे कळलं. 'लूप लाइन'मध्ये पाचव्या मिनिटाला एक विचित्र आवाज सुरू होतो, ठण, ठण्-ठण्, कुठल्याच तालात नसलेला. आणि अगदी शेवटी, सगळी गाणी संपल्यावर, ड्रमर इंग्रजीत विचारतो, "थांबू या का थोडं?" रॉनी म्हणतो, "नको. ते परत येणार नाहीत." मग खटका आणि शांतता. हे वाक्य ग्रुपवर सगळ्यांना पाठ होतं. कुणी कामावरून निघाला तरी लिहायचा, ते परत येणार नाहीत.

पुस्तक आल्यावर त्या ठणठणाटावर आठवडाभर चर्चा चालली. ड्रमर आता हयात नव्हता, त्यामुळे ज्याला जे वाटेल ते तो म्हणत होता.

'काऊबेल आहे,' एकाने लिहिलं, म्हणजे ड्रमवाले काठीने वाजवतात ती घंटा.

'काऊबेल इतकी बेसूर नसते. त्याने रागाने स्टँड लाथाडलाय.'

'इतका वेळ लाथाडत होता?'

'तू त्याला भेटला नव्हतास.'

मग कुणीतरी लिहिलं, 'मुळात असल्या गावात गेलेच कशाला? दगडांपुढे वाजवणं ते.'

'दगड निदान उठून तरी जात नाहीत.'

त्याखाली हसणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यातला एक मीही टाकला. कुणी विचारलंही नव्हतं. टाकला आणि मोबाइल उशीखाली ठेवला.

नांदेडमध्ये आत्या एकटीच असायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, उन्हाळ्याची सुटी लागलेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, हिमायतनगरला नोकरीला, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खिडकीत कूलर. आत्याला माझ्याशी काय बोलावं कळायचं नाही आणि मला तिच्याशी. आम्ही एकमेकींना जेवायला वाढत राहायचो.

नांदेडला गोदावरी होती, नळाला पाणी होतं. मला त्याचीच चोरी वाटायची. मी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायचे. एकदा आत्याने बाहेरून दार वाजवलं. "आगं माय, आत गेली न्हाईस तं निघाली बी? नांदेड हाय हे. न्हा की जरा पोटभर!" दुपारी मी कूलर बंद करायचे, तो पाणी पितो म्हणून. ती येऊन चालू करायची. दिवसभरातलं आमचं मुख्य संभाषण ते बटण होतं.

एका दुपारी माझा इयरफोन एका बाजूने बंद पडला. आत्या पलीकडे परातीत तांदूळ निवडत बसली होती. मी आवाज बारीक करून कॅसेट मोबाइलवर तशीच लावली. 'लूप लाइन' पाचव्या मिनिटाला आलं. ठण, ठण्-ठण्.

आत्या परात बाजूला सारून उठायलाच लागली. "टँकर आला वाटतं."

मग गुडघ्यावर हात ठेवून अर्धवट थांबली. "हितं कुठला आलाय टँकर. तुझ्या त्या मोबाइलमधी वाजून राहिला का?"

"गाणं आहे, आत्या. इंग्रजी."

"गाणं आसंल. ते ठणठण वाजून राहिलं ना, त्या घागरी हायत. रिकाम्या, खाली घागरी. लोक उचलून पळतात तवा एकीवर एक आदळतात. वापस लाव."

मी परत लावलं. त्याच वेळी मला ऐकू आलं. आठच दिवसांपूर्वी लातूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी स्वतः घागर घेऊन उभी होते. हा आवाज मी दर तीन दिवसांनी ऐकत होते, त्याने दचकत होते, त्यात माझ्याही घागरीचा आवाज होता. आणि तरी ही कॅसेट शंभरदा ऐकून मला तो ओळखता आला नव्हता. इयरफोनमधलं जग एका खोलीत आणि घागरी दुसऱ्या. मधलं दार मीच लावून घेतलेलं. त्या कॅसेटमध्ये माझ्या ओळखीचं काही असूच शकत नाही, असं मी आधीच ठरवून टाकलं होतं.

"लातूरचं हाय का हे?" आत्याने विचारलं.

"हो. कॉलेजच्या मैदानातलं. जिल्हा नवा झाला तेव्हाचं."

ती खाली बसली. तिचा चेहरा मी कधी न पाहिलेला झाला, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा. "तो लांब केसाचा गिटारवाला? आम्ही पोरी म्हणत व्हतो, ह्याची माय ह्याला तेल लावत न्हाई का काय!"

"तू होतीस तिथे?"

"हाव तर! म्होरल्या रांगेत. तुझे पप्पा बी व्हते. झाडावर."

पप्पांनी मला हे कधीच सांगितलं नव्हतं. मीही त्यांना मी काय ऐकते ते कधी सांगितलं नव्हतं.

मग आत्याने सांगितलं. जिल्हा झाला म्हणून तेव्हा दर चार दिवसांनी मांडव पडायचा. कधी भाषण, कधी लेझीम, कधी कव्वाली. आणि दुष्काळ. टँकर मैदानाच्या कडेला यायचा, केव्हा येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं. म्हणून सगळे, पुरुषसुद्धा, घागरी रांगेत लावून मांडवात येऊन बसायचे. घागर नंबर धरून ठेवते. पण टँकर दिसला की घागरीमागे माणूस लागतं. नसलं तर मागची बाई लाथेने घागर बाजूला सारते आणि त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नाही.

"म्हणून तुम्ही गाणं सोडून गेलात?"

"जाणारच की. पुढारी बोलून राहिला आसला तरी जात व्हतो. तो बी गप बसायचा, चहा प्यायचा. भरून झालं की सगळे वापस यायचे, म्होरं चालू. तसंच आसायचं तवा."

"आणि हे बाहेरचे लोक? त्यांना कुणी सांगितलं नाही?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही वेड्यासारखं विचारलंय असं आधी तिला वाटलं असावं. मग ती सावकाश म्हणाली, "सांगायचं काय त्यात? सगळ्यांलाच माहीत आसतं, आसं वाटायचं."

कूलर घुमत होता. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली आणि खाली बघतच म्हणाली, "आम्ही वापस आलतो. मी तं तांब्या भरून आणलता. तो मागं बसून बडवत व्हता ना, त्याचे व्हट पार वाळून गेलते. पोरी हसल्या मला. म्हने, पाणी पाजून ह्याच्याशी लगीन लावती का काय. येऊन बघतो तं मांडव खाली. नुस्त्या सतरंज्या. गाडीचा धुरळा दिसत व्हता रस्त्यावर."

मी तिला पुस्तकात काय लिहिलंय ते सांगितलं. रेल्वे फाटक, बँड फुटला, त्याने वाजवणं सोडलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"आमच्यामुळं?" ती म्हणाली. मग तांदळातला एक खडा उचलून टाकत, "येवढं आवडलं व्हतं ते गाणं. तू सांग त्याला. आम्ही वापस आलतो म्हणावं."

सांग म्हणणं सोपं होतं. मी पुढचे कितीतरी दिवस मोबाइलवर लिहीत होते आणि पुसत होते. लिहायचं म्हणजे मी कुठली ते सांगावं लागणार. ज्यावर सगळे हसले होते, आणि ज्यावर मीही हसले होते, त्याच गावची. तिकडे एक म्हातारा माणूस आपलं गाणं ऐकलं न गेल्याची समजूत घेऊन बसलेला, आणि त्याला खरं काय ते सांगू शकणारी जगात मी एकटी. आणि मी इकडे स्वल्पविराम बदलत बसले होते. त्या दिवसांइतकं एकटं मला नंतर कधी वाटलं नाही.

शेवटी चार ओळी पाठवल्या. टँकर, घागरी, माझी आत्या तिथे होती.

दोन अंगठे आले. एकाने लिहिलं, 'मजेदार आहे, पण पुरावा?' थॉमसने सौम्यपणे लिहिलं की घरातल्या आठवणी अशा जुळवल्या जातात, रॉनीला उगाच त्रास नको.

संध्याकाळी मी आत्याला म्हणाले, पुन्हा सांग, मी आवाज धरते. ती पदर सारखा करून बसली, जणू फोटो काढायचा आहे. ध्वनिमुद्रणात माझाही आवाज होता, मराठीत प्रश्न विचारणारा. तो कापता आला असता. मी कापला नाही. खाली इंग्रजीत अर्थ लिहिला, आणि शेवटी लिहिलं, मी लातूरची आहे, त्या दिवशी मीही तुमच्याबरोबर हसले होते.

ग्रुपवर त्या संध्याकाळी पुष्कळ बोलणं झालं. पण बहुतेक एकाच गोष्टीवर. एस.के. मुलगी आहे? कधीपासून? ज्याने 'दगड' म्हटलं होतं त्याने आपलं वाक्य पुसून टाकलं. दोन दिवसांनी दुसरीच कॅसेट निघाली आणि चर्चा तिकडे गेली.

थॉमसने मात्र एक केलं. त्याने काऊबेलवाल्यांचं सगळं ऐकून झाल्यावर आत्याच्या बोलण्याचा तो तुकडा रॉनीला पाठवला.

पाऊस लांबलेला होता. मी लातूरला परतायची पिशवी भरत होते तेव्हा थॉमसचा निरोप आला. रॉनीने आत्याचा आवाज तीनदा लावून ऐकला होता. मग एवढंच विचारलं होतं: त्या तांब्यातल्या पाण्याचं पुढे काय झालं?

मी आत्याला विचारलं. तिला लगेच उत्तर देता आलं, जणू इतकी वर्षं कुणीतरी विचारावं म्हणून थांबली होती.

"पिले की. त्यांचं स्टेज व्हतं ना, त्याच्या कडेला बसून. मीच पिले. घरी नेलं आसतं तं माय म्हनली आसती, येवढं पाणी कुठं फिरवून राहिलीस. आन सांडायचं तं काय कारणच न्हाई." आणि वर म्हणाली, "गार व्हतं म्हणून सांग."

मी तसंच लिहिलं. इंग्रजीत ते फार छोटं झालं. त्यावर काही उत्तर आलं नाही. रॉनीने पुन्हा गिटार हातात घेतली का, मला माहीत नाही. कुणाच्या आयुष्यातली तीसेक वर्षं अशी एका निरोपाने सरळ होत नसणार. मी ग्रुपवर अजून आहे. बोलत फारशी नाहीच. पण नावापुढे आता गाव लिहिलेलं आहे.

गावी आल्यावर पप्पांना विचारलं होतं, "तुम्ही झाडावर होतात?" ते जेवत होते. म्हणाले, "लिंबाच्या. वरून मस्त ऐकू यायचं." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "आपल्याला त्यातलं कळत नाही काही. पण ते पहिलं, सावकाश सुरू व्हायचं ते…" आणि त्यांनी 'लूप लाइन'ची सुरुवात गुणगुणली. दोनच ओळी, थोड्या चुकीच्या.

हे सगळं यंदाच्या पिंपांमुळे आठवलं. परवा दुपारी घरी मी एकटीच होते, पप्पा-मम्मी निलंग्याला लग्नाला गेलेले. कॅसेट लावून पडले होते. 'लूप लाइन' सुरू झालं आणि चौथ्या मिनिटाला बाहेर हॉर्न वाजला, लांब, दोनदा. गल्ली धावली. मीही उठले. मोबाइल तसाच वाजत ठेवून कळशी घेतली आणि पळाले. आमची घागर सकाळपासून रांगेत सातवी होती, तिच्यामागे जाऊन उभी राहिले. मागच्या काकू म्हणाल्या, "आलीस का, मी सारणारच व्हते."

बऱ्याच वेळाने भरलेली कळशी कमरेवर घेऊन आत आले, तेव्हा रिकाम्या खोलीत कॅसेट शेवटाला आली होती. ड्रमर विचारत होता, थांबू या का थोडं. रॉनी म्हणाला, नको, ते परत येणार नाहीत.

"आले," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, स्वतःलाच दचकायला होईल इतकं. कळशी ओट्यावर ठेवली, आणि तांब्या भरून घेतला.